रक्तातील खुणा आणि समाजाचे कर्तव्य

(नामदेव शिंपी समाजाच्या जालना येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजवर या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, सामुदायिक विवाह, संत नामदेवांचे चरित्र अशा विषयांवर पुष्कळ व्याख्याने झाली. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हास बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही एच्. आय्. व्ही. या विषाणूचा विषय सुचविला. आयाबहिणींच्या देखत असला विषय कसा बोलावयाचा, अशी शंका काही वडीलधाऱ्यांनी व्यक्त केली. शंका सद्हेतूचीच होती. परंतु ज्या रोगाने कित्येक आयाबहिणींना त्यांचा यत्किंचितही दोष नसता पोळले, तो रोग त्यांच्यापासूनच झाकून ठेवण्यात कोणाचे हित आहे? मंडळाने अखेर अनुमती दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून सारा जन्म मुलांना शिकविण्यात घालविलेला मनुष्य. तेव्हा कोणते औषध घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. ते डॉक्टरांचे काम. कठीण गोष्ट सोपी करून सांगणे एवढाच आमचा अधिकार. आमचे आजचे म्हणणे थोडक्यात असे की, मनुष्याच्या रक्तातील पेशींवर काही खुणा असतात. त्या खुणा वाचण्याची विद्या गेल्या पन्नास वर्षांत माणसाला साध्य झाली आणि तिच्या योगे हा रोग, तसाच त्याच्या पाठोपाठ येणारा लसिकाग्रंथींचा कर्करोग, ओळखता आणि आवरता येऊ लागला. मात्र खुणा वाचावयाच्या तर मनुष्य आधी तपासणीच्या खोलीपर्यंत पोचला पाहिजे. तो तेथे पोचत नाही, याचे कारण रोगाच्या भीतीपेक्षा आपली, म्हणजे समाजाची, भीती त्याला अधिक वाटते.

प्रथम या खुणा म्हणजे काय ते पाहू. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, तशा पांढऱ्याही असतात. पांढऱ्या पेशींपैकी एका वर्गास लसिकापेशी म्हणतात. पायाला जखम झाली म्हणजे जांघेत अवधाण येते, घसा धरला म्हणजे जबड्याखाली गाठ लागते, त्या गाठी म्हणजे लसिकापेशींची ठाणी होत. शरीरात शिरलेल्या जंतूंशी झुंज चालली की ही ठाणी फुगतात आणि झुंज संपली की बहुधा पूर्ववत होतात. या पेशींचे मुख्य दोन प्रकार आहेत. छातीच्या हाडामागे यौवनलोपी ग्रंथी, म्हणजे थायमस, नावाची ग्रंथी असते. तेथे ज्यांची तालीम होते त्या टी पेशी. दुसऱ्या बी पेशी. यांच्यापासून जंतूंना निकामी करणारी प्रतिपिंडे निर्माण होतात. टी पेशींत पुन्हा दोन तुकड्या आहेत. एक साहाय्यक पेशींची, ही इतरांना हुकूम देते. आणि दुसरी मारक पेशींची, ही रोगग्रस्त पेशींना प्रत्यक्ष ठार करते.

अडचण अशी की, सूक्ष्मदर्शकाखाली या सर्व पेशी जवळजवळ सारख्याच दिसतात. आपल्या धंद्यातील उदाहरण घेऊ. एखाद्या शाळेचे पन्नास गणवेश एकाच कापडाचे शिवावयास आले, तर कोणता सदरा कोणत्या मुलाचा हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. आतल्या बाजूला लावलेली क्रमांकाची चिंधी पाहावी लागते. निसर्गानेही प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिनांच्या अशा चिंध्या लावून ठेवल्या आहेत. त्या वाचण्याचे साधन १९७५ साली केंब्रिज येथे कोलर व मिलस्टीन या दोन शास्त्रज्ञांनी शोधून काढले. एकाच विशिष्ट खुणेला अचूक चिकटणारी, एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी कशी तयार करावयाची, हे त्यांनी दाखविले आणि १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे प्रत्येक प्रयोगशाळा खुणांना आपापली नावे देऊ लागली आणि गोंधळ माजला. तेव्हा १९८२ साली पॅरिस येथे शास्त्रज्ञांनी एकत्र जमून त्यांना क्रमांक देण्याचे ठरविले. 'सी. डी.' ही अक्षरे आणि पुढे आकडा, अशी ती पद्धत. आज अशा खुणांची यादी साडेतीनशेच्या वर गेली आहे. आपल्याला पाच-सहाच पुरेत. सर्व टी पेशींवर सी. डी. ३, साहाय्यक पेशींवर सी. डी. ४, मारक पेशींवर सी. डी. ८, आणि बी पेशींवर सी. डी. १९ व सी. डी. २०.

हे साधन हाती येते न येते, तोच जगावर हे अरिष्ट कोसळले. १९८१ च्या जून महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातून पाच तरुणांच्या चमत्कारिक न्यूमोनियाची वार्ता प्रसिद्ध झाली. धडधाकट माणसास सहसा न होणारा तो रोग होता. अशा रुग्णांचे रक्त नव्या साधनाने तपासले, तेव्हा साहाय्यक पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. रोगाचा विषाणू सापडला तो १९८३ साली, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. म्हणजे चोराचा पत्ता लागण्यापूर्वीच त्याने कोणते घर फोडले हे ठाऊक झाले होते. १९८४ साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. सी. डी. ४ ही नुसती ओळखखूण नसून विषाणूला आत शिरण्याचा तो दरवाजा आहे. विषाणू त्या खुणेलाच बिलगतो, पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्यासारखे असंख्य विषाणू तयार करवून घेतो. ज्या पेशीने सैन्याला हुकूम द्यावयाचा, तीच शत्रूच्या कारखान्यात वेठीस धरली जाते.

आपल्या देशात हा विषाणू आहे हे १९८६ साली मद्रास येथे उघड झाले. ते शोधकार्य डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी केले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील, हे सांगताना आम्हास अभिमान वाटतो. 'आपल्याकडे असला रोग असणेच शक्य नाही' असे मोठमोठे लोक म्हणत होते, त्या काळात या दोन स्त्रियांनी नमुने गोळा करून सत्य पुढे ठेवले. पुढे १९९३ साली बाईंनी वडिलांच्या नावाने संस्था काढून रुग्णसेवेस वाहून घेतले. २०१५ साली त्या निवर्तल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. आपल्या राज्यात १९९२ साली पुण्याजवळ भोसरी येथे या रोगाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे नाव अलीकडे बदलले असले, तरी काम चालू आहे.

आता सी. डी. ४ च्या मोजणीकडे वळू. रुग्णाच्या रक्ताच्या थेंबात चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडे मिसळतात. ती नेमक्या खुणेवर जाऊन चिकटतात. मग त्या पेशी एकामागून एक, जणू वारकऱ्यांची रांग दर्शनबारीतून जावी तशा, एका प्रकाशझोतासमोरून नेतात. आणि ज्या विशिष्ट रंगाने चमकतील त्या यंत्र मोजते. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १,५०० सी. डी. ४ पेशी भरतात. औषधावाचून ही संख्या वर्षानुवर्षे घटत जाते आणि ती २०० च्या खाली उतरली म्हणजे क्षय, विशिष्ट न्यूमोनिया, मेंदूचे दाह असे संधिसाधू रोग शिरकाव करतात. याच अवस्थेस एड्स म्हणतात. विषाणू शरीरात असणे आणि एड्स होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे विशेष ध्यानात ठेवावे. औषधाशिवायही या दोहोंत बहुधा आठ-दहा वर्षांचे अंतर पडते. औषध नियमित घेतल्यास दुसरी अवस्था कित्येकांना कधी पाहावीच लागत नाही.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून या औषधांचे मोफत वाटप सुरू केले. आरंभी देशातील आठच रुग्णालयांत ते होते. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या वेळी सी. डी. ४ ची संख्या २०० च्या खाली गेल्यावर औषध सुरू करीत. पुढे ही मर्यादा ३५० वर आणि मग ५०० वर नेण्यात आली. २०१७ पासून मर्यादाच काढून टाकण्यात आली. लागण आहे असे कळले की आकडा कितीही असो, औषध सुरू करावयाचे. म्हणजे 'आमचा आकडा चांगला आहे, घाई कशाला?' हा प्रश्न आता उरलेला नाही. आपल्या जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात हे औषध मिळते. एक पैसा पडत नाही आणि नाव गुप्त राहते.

मग सी. डी. ४ मोजण्याचे प्रयोजन संपले काय? मुळीच नाही. औषध लागू पडते की नाही हे पाहण्यासाठी आता रक्तातील प्रत्यक्ष विषाणू मोजतात, हे खरे. परंतु रुग्ण किती खोल पाण्यात आहे, त्याला संधिसाधू रोगांपासून बचावाची जादा औषधे द्यावीत की नाही, हे सी. डी. ४ च सांगते. येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. हा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो. ताप आला, दुसरा रोग झाला, स्त्री गरोदर असली, तरी तो खाली-वर होतो. म्हणून एका कागदावरील एका आकड्याने हर्षही मानू नये आणि हातपायही गाळू नयेत. गिऱ्हाइकाचे माप आपणही एकदाच घेऊन जन्मभर कपडे शिवीत नाही.

आता व्याख्यानाच्या दुसऱ्या आणि आमच्या मते अधिक दुर्लक्षित भागाकडे येतो. तो म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग. त्याला डॉक्टर लिम्फोमा म्हणतात. एच्. आय्. व्ही. असलेल्या माणसांत हा कर्करोग इतरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो. १९८५ सालीच त्याच्या काही जाती एड्सच्या व्याख्येत समाविष्ट करण्यात आल्या. आश्चर्य असे की, विषाणू मारतो टी पेशींना, आणि कर्करोग होतो तो बहुतेक बी पेशींचा! याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घरातील कर्ता माणूस गेला की घरात जो गोंधळ होतो, तो येथे होतो. हुकूम देणाऱ्या साहाय्यक पेशी घटतात आणि बी पेशी विषाणूच्या सततच्या डिवचण्याने वर्षानुवर्षे भडकलेल्या राहतात, अनावर वाढतात. त्यातच एपस्टीन-बार नावाचा दुसरा एक विषाणू आहे. तो बहुतेक सर्व माणसांच्या शरीरात निपचित पडून असतो. १९५८ साली डेनिस बर्किट या शल्यवैद्याने आफ्रिकेतील युगांडा देशात मुलांच्या जबड्याच्या एका अर्बुदाचे वर्णन केले. त्या अर्बुदाच्या पेशींतच १९६४ साली हा विषाणू प्रथम सापडला. मारक पेशींचा पहारा ढिला पडला की तोही डोके वर काढतो.

बी पेशींना प्रतिपिंडे बनविण्यासाठी आपल्या गुणसूत्रांतील तुकडे कापून जोडावे लागतात. हे काम शिस्तीने चालते तोवर ठीक. पण अहोरात्र घाईने कापणे-जोडणे चालू राहिले म्हणजे एखाद्या वेळी चूक होते. एका अंगरख्याची बाही दुसऱ्याच अंगरख्याला शिवली जावी, तसा आठव्या गुणसूत्राचा तुकडा चौदाव्याला जोडला जातो. पेशीच्या वाढीचा लगाम सुटतो आणि बर्किटच्या नावाने ओळखला जाणारा लिम्फोमा जन्मतो. कर्करोग होण्याच्या पुष्कळ आधी ही भडकलेली स्थिती रक्तात दिसते, असेही संशोधकांना आढळले आहे. सी. डी. २३ आणि सी. डी. ३० या खुणा पेशींवरून सुटून रक्तद्रवात तरंगू लागतात. १९८० च्या दशकापासून अमेरिकेत ज्यांचे रक्त वर्षानुवर्षे साठवून ठेवले होते, त्यांपैकी ज्यांना पुढे लिम्फोमा झाला, त्यांच्या जुन्या नमुन्यांत या सुट्या खुणा अधिक होत्या. मात्र हे ज्ञान अद्याप संशोधनापुरते आहे. एका माणसाचे भविष्य त्यावरून वर्तविता येत नाही, म्हणून अशा तपासण्यांवर कोणी पैसा उधळू नये.

१९९६ नंतर तीन औषधांची जोड देण्याची पद्धत आली आणि लिम्फोमाचे प्रमाण पुष्कळ उतरले. सी. डी. ४ अगदी ५० च्या खाली गेल्यावर मेंदूत होणारा जो लिम्फोमा, तो तर फारच कमी झाला. परंतु सर्व जाती सारख्या उतरल्या नाहीत. बर्किटचा लिम्फोमा आणि हॉजकिनचा लिम्फोमा हे सी. डी. ४ बऱ्यापैकी असतानाही होतात. आजच्या व्याख्यानातून एकच वाक्य घरी न्यावयाचे असेल तर हे न्यावे: आकडा चांगला आहे म्हणून वाढणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्या मराठवाड्यात मानेला गाठ आली की पहिला शब्द ऐकू येतो तो गंडमाळा, म्हणजे क्षय. हा तर्क निराधार नाही. एच्. आय्. व्ही. असलेल्या माणसात क्षयच अधिक आढळतो. शिवाय औषध सुरू झाल्यावर शरीरात पुन्हा बळ आले की दडलेल्या क्षयाच्या गाठीही काही काळ फुगतात. पण घोटाळा असा की, लिम्फोमाची लक्षणेही हुबेहूब तीच. संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजविणारा घाम, झपाट्याने उतरणारे वजन. आमच्या परिचयातील एका घरी असेच झाले. पुण्याकडे तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा मानेला गाठ घेऊन गावी परतला. गावातल्या गावात, गाठ न तपासता, केवळ अंदाजाने क्षयाच्या गोळ्या चालू झाल्या. गाठ वाढत गेली. जालन्याला न्या, असे सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "तेथे आपल्यातले कोणी भेटले म्हणजे? धाकटीचे लग्न व्हायचे आहे." सहा महिन्यांनी नेले, तेव्हा कर्करोग पोटात पसरला होता. मुलगा गेला. त्या बापाला दोष देण्याचा आम्हास अधिकार नाही. त्याने ज्यांची भीती बाळगली ते आपण, या मंडपात बसलेले लोक.

म्हणून गाठ असेल तर डॉक्टरांना नम्रतेने विचारावे: क्षयाची खात्री जंतू सापडून झाली आहे, की अंदाजाने? गाठीतील द्रव सुईने काढून क्षयाच्या जंतूंची तपासणी होऊ शकते. जंतू सापडत नसतील, गाठ काही आठवड्यांत भराभर वाढत असेल किंवा क्षयाच्या औषधांनी हटत नसेल, तर गाठीचा तुकडा, शक्य तर पूर्ण गाठच, काढून तपासावयास हवी. बायॉप्सी केल्याने कर्करोग पसरतो, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. त्या समजुतीपायी गाठ तशीच ठेवून जीव गमावू नये. तुकडा काढल्यावर तो फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवावा लागतो. साध्या पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात ठेवून शहरापर्यंत नेल्यास तो नासतो आणि साऱ्या खटपटीवर पाणी पडते. प्रयोगशाळेत त्याचा मेणातील ठोकळा करतात. पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी जाण्याची वेळ आली, तर अहवालाच्या कागदाबरोबर तो ठोकळा आणि काचपट्ट्याही मागून न्याव्यात. म्हणजे पुन्हा चिरफाड करावी लागत नाही.

त्या ठोकळ्याच्या पातळ कापांवर मघाचीच खुणांची विद्या पुन्हा कामास येते. रंग देणारी प्रतिपिंडे लावून विकृतिशास्त्रज्ञ पाहतात की कोणती खूण उमटते. सी. डी. ३ उमटली तर पेशी टी वर्गाच्या, सी. डी. २० उमटली तर बी वर्गाच्या. सी. डी. ३० आणि सी. डी. १५ यांवरून हॉजकिनचा लिम्फोमा ओळखण्यास मदत होते. एच्. आय्. व्ही. असलेल्यांत, विशेषतः हिरडी व जबडा या ठिकाणी, एक उग्र जातीचा लिम्फोमा होतो. त्याचे वर्णन १९९७ साली झाले. त्यात सी. डी. २० बहुधा दिसतच नाही, सी. डी. १३८ दिसते. आपल्याकडे तोंडातील गाठ म्हणजे तंबाखूचा कर्करोग असे गृहीत धरतात. परंतु दोहोंचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत. खूण वाचल्यावाचून औषध देणे म्हणजे माप न घेता कापड बेतणे होय.

सी. डी. २० या खुणेने तर उपचारच बदलून टाकला. त्या खुणेला चिकटून रोगट बी पेशीचा नाश घडवून आणणारे प्रतिपिंड, रितुक्सिमॅब नावाचे, १९९७ साली अमेरिकेत मान्य झाले आणि २००७ पासून तशाच जातीचे औषध आपल्या देशातही तयार होऊ लागले. येथेही दोन खुणा हातात हात घालून चालतात. सी. डी. ४ ची संख्या ५० च्याही खाली असेल, तर या औषधाने इतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, असे दिसून आल्यामुळे डॉक्टर जपून पावले टाकतात. एके काळी या रुग्णांना कर्करोगाची पुरती औषधे सोसवत नसत. आता एच्. आय्. व्ही.ची औषधे चालू ठेवून कर्करोगाचेही उपचार पूर्ण मात्रेत देता येतात आणि कित्येक रुग्ण बरे होतात. आपल्यापासून साठ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगर येथे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. तेव्हा पैशाअभावी घरी बसण्यापूर्वी चौकशी तरी करावी.

आता आयाबहिणींविषयी. पुण्यातील संशोधकांनी गुप्तरोगांच्या चिकित्सालयांत आलेल्या, वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांची तपासणी केली. १९९७ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे १४ जणींना एच्. आय्. व्ही.ची लागण झालेली आढळली. त्यांतील बहुतेक विवाहित, एकनिष्ठ स्त्रिया होत्या. पतीखेरीज दुसरा पुरुष त्यांना ठाऊक नव्हता. असे असूनही आपल्याकडे नवरा गेला की 'पांढऱ्या पायाची' म्हणून बोल लावतात तो सुनेलाच. मुलाच्या उपचारासाठी शेत विकणारे घर सुनेला तपासणीसाठी एस्. टी.चे भाडेही देत नाही, हे आम्ही पाहिले आहे. तेराव्याच्या पंगतीत अशा एका मुलीचे पान बाजूला मांडलेलेही पाहिले आहे. वास्तविक हा विषाणू जेवणातून, पाण्यातून, स्पर्शातून पसरत नाही. मापाच्या टेपने, वापरलेल्या कपड्याने किंवा शेजारच्या शिलाईयंत्रावर बसल्याने तर मुळीच पसरत नाही. तो शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दूषित इंजेक्शनच्या सुईतून आणि आईकडून मुलाकडे जातो. आईने औषधे घेतली नाहीत तर शंभरांतील १५ ते ४५ मुलांना लागण होते. वेळेवर घेतली तर ५ हून कमी मुलांना. नियमित औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही, हेही आता निश्चित झाले आहे.

कोणी म्हणेल, आपला समाज लहान, कष्टाळू, पापभीरू. आपल्यात हे कोठून येणार? २०२३ च्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २५ लाख माणसे या विषाणूसह जगत आहेत आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. जालन्याचा लोखंडाचा व बियाण्यांचा व्यापार, मालमोटारींची रहदारी, अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून ऊसतोडीसाठी बाहेर जाणारी कुटुंबे, आणि शिवणकामासाठी मोठ्या शहरांत एकटी राहणारी आपली तरुण मुले, यांना समाजाची कुंपणे कोठे असतात? विषाणू ज्ञाती विचारून आत शिरत नाही; तो फक्त सी. डी. ४ ची खूण शोधतो, आणि ती आपणा सर्वांच्या रक्तात सारखीच आहे.

यास्तव मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, वधूवर मेळाव्याच्या वेळी उभयपक्षी, स्वेच्छेने आणि गुप्तपणे रक्त तपासून घेण्याचा सल्ला मंडळाने द्यावा. मात्र वधूवर सूचीत त्याचा उल्लेख कदापि नसावा. २०१७ चा एच्. आय्. व्ही.विषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. संमतीवाचून तपासणी करणे, संमतीवाचून कोणाची लागण उघड करणे आणि नोकरी, शिक्षण वा उपचार यांत भेदभाव करणे, यांस त्याने मनाई केली आहे. दुसरी विनंती, आपल्या साहाय्यनिधीतून काही रक्कम दीर्घ आजाराच्या रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी वेगळी काढावी. रोग कोणता हे विचारू नये. रुग्णालयाचा पत्ता आणि तारीख एवढे पुरे. औषध मोफत असले तरी मंठ्याहून जालन्याला जाण्याचे भाडे मोफत नाही, आणि औषध चुकते ते पुष्कळदा तेवढ्यासाठीच. तिसरी विनंती, १०९७ हा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक या स्मरणिकेत ठळक छापावा. ज्याला कोणापुढे तोंड उघडता येत नाही, त्याला तेथे विचारता येईल.

शेवटी एकच सांगावेसे वाटते. आपण ज्यांचे नाव लावतो ते संत नामदेव आपल्याच मराठवाड्यातील नरसी गावचे. कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा काठी न घेता, कोरडी पोळी खाऊ नको म्हणून तुपाची वाटी घेऊन ते त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. त्या नामदेवांची लेकरे म्हणविणाऱ्यांच्या पंगतीतून एखाद्या आजारी भावाचे, एखाद्या निरपराध सुनेचे पान उचलले जाऊ नये. रक्तातील खुणा वाचणे डॉक्टरांचे काम आहे. चेहऱ्यावरील भीतीची खूण वाचून त्या माणसाला हात धरून रुग्णालयापर्यंत नेणे हे आपले.